तलवारवाल्याचं स्टूल

परवा व्हिडिओ कॉलवर रायन मला त्याचा खेळ दाखवत होता. पाठीवर तलवार लटकवलेला त्याचा शिपाई एका गावात शिरला, दुकानात गेला, काउंटरमागचा दाढीवाला माणूस काहीतरी बोलायला लागला आणि रायनने बटण दाबून त्याचं वाक्य अर्ध्यातच तोडलं. "अरे, तो काय म्हणत होता?" मी विचारलं. "आजी, दुकानदाराचं कोण ऐकतं? सगळे स्किप करतात." मागून मिशेलनेही मान डोलावली. तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली, म्हणून बोलणं तिथेच थांबलं. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मला दुसरं काही सुचेना. एके काळी मी असाच एक दुकानदार लिहिला होता, आणि त्याच्या जिवावर माझं पुढचं सगळं आयुष्य ठरलं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी हे लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील. वाचताना एकही ओळ गाळायची नाही, अशी तिला ताकीद दिली आहे.

वसईकडच्या नंदाखालला आमचं घर आणि दुकान एकाच छपराखाली होतं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे केळींची आणि नारळांची वाडी. मधल्या चौकटीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, त्यामुळे दुकानातलं प्रत्येक बोलणं आईला ऐकू यायचं आणि आईच्या फोडणीचा वास प्रत्येक गिऱ्हाइकाला जायचा. "आज कोळंबी वाटतं," असं म्हणून माणसं काडेपेटी मागायची. गूळ, रॉकेल, साबण, सुके बोंबील, मेणबत्त्या, शिवाय छताला टांगलेली सुकेळी. सुकेळी तुम्ही खाल्ली आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती. मिशेलने मागच्या खेपेला ती चॉकलेट समजून तोंडात घातली आणि चेहरा असा केला की मी अजून विसरले नाही. आमच्या घरातली बोली वेगळी होती. 'सांग'ला आम्ही 'हांग' म्हणायचो. पण ती लिहायला गेले तर तुमच्या आईचीच पंचाईत होईल, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत आणते.

पप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसभर काउंटरमागे उभे असायचे. बाहेर गिऱ्हाइकांसाठी लांब बाकडं होतं, आत पप्पांसाठी काहीच नव्हतं. गिऱ्हाईक उभं असताना दुकानदार बसला, तर त्याचं तोंड गिऱ्हाइकाच्या पोटाशी येतं, आणि पोटाशी बोलून धंदा होत नाही, असं त्यांचं मत होतं. रात्री आई त्यांच्या पोटऱ्यांना खोबरेल तेल चोळायची आणि म्हणायची, "एक स्टूल घ्या हो." पप्पा म्हणायचे, "म्हातारा झालो की घेईन." त्या वेळी ते साठीला आले होते.

संध्याकाळी देवळाची घंटा वाजली की आमचं दुकान गोठायचं. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही देऊळच म्हणतो. पप्पा ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत थांबत. तराजूचं एक पारडं वर, एक खाली, तळहातावर गुळाचा खडा, आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रार्थना. गिऱ्हाईकसुद्धा थांबायचं, मग ते कुठल्याही देवाचं असो. रॉकेलचं नरसाळं हातात धरून उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. मध्येच कुणी बोललं तर पप्पा रागवायचे नाहीत. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा बिस्किटांच्या कंपनीचा नवा माणूस आला होता. तो घड्याळ बघत "शेठ, जरा लवकर," म्हणाला, पप्पांनी क्रूसाची खूण करून पहिल्यापासून आरंभ केला. तो पुन्हा म्हणाला, पप्पांनी पुन्हा आरंभ केला. शेवटी पडद्याआडून आई म्हणाली, "दादा, तुम्ही गप्प राहिलात तर आम्हाला आज जेवायला मिळेल."

अशा घरातून मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले. पुढे काय, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. पप्पांची बहीण सिस्टर होती, मठात राहून शाळेत शिकवायची. आम्ही तिला सिस्टर आत्या म्हणायचो. तिने माझ्यासाठी बी. एड.च्या कॉलेजात शब्द टाकून ठेवला होता. शिक्षिका होण्यात वाईट काही नाही. माझ्या निम्म्या मैत्रिणी झाल्या. पण वर्गात उभं राहायचा नुसता विचार केला तरी मला घाम फुटायचा. मला लिहायचं होतं. काय लिहायचं, ते माहीत नव्हतं. तेवढ्यात वर्तमानपत्रात एक चिमुकली जाहिरात दिसली: इंग्रजी संवाद लिहिण्यासाठी व्यक्ती हवी, वसई पूर्व, एव्हरशाईन सिटी.

आता तुम्हाला हसू येईल, पण आमच्या गावाला रेल्वे फाटकापलीकडची पूर्व बाजू म्हणजे परदेश होता. तिथे नव्या इमारतींची रांग उभी राहत होती आणि तिथली माणसं कुठून आली, काय खातात, कुणाला पत्ता नव्हता. जाहिरात देणारा मुलगा म्हणजे कौस्तुभ. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मूळचा रत्नागिरीकडचा, अंधेरीतली चांगली नोकरी सोडून घराच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून बसलेला. तो एक खेळ बनवत होता. खेळणाऱ्याने वीराची भूमिका घ्यायची, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, सामान विकत घ्यायचं आणि शेवटी डोंगरावरच्या राक्षसाला मारायचं. मुंबईतला कॉम्प्युटर विकणारा एक व्यापारी हा खेळ आपल्या मशीनबरोबर द्यायला तयार होता.

पप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते साखर पुड्यात बांधत होते. दोरा दातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. मग दोरा तोडून म्हणाले, "म्हणजे पोरांच्या खेळण्याचं दुकान."

"नाही पप्पा. खेळातली माणसं काय बोलतात ते मी लिहायचं."

"खेळातल्या माणसांना बोलायचं काय असतं?"

शेवटी आईने मध्यस्थी केली. मी महिनाभर जावं. मग पप्पा स्वतः येऊन बघतील. काम नीट दिसलं तर ठीक, नाही तर बी. एड., आणि मग त्यावर रडारड नाही. सिस्टर आत्याला तसा निरोप गेला. तिने जागा तेवढ्यापुरती धरून ठेवली.

पहिल्या दिवशी कौस्तुभ म्हणाला, "हे बघ मोनिका, राजा, राजकन्या, राक्षस, यांचे डायलॉग मीच लिहिणार आहे. तू आधी दुकानदार घे. सिंपल आहे. 'या', 'काय हवं', 'थँक यू'. संपलं." दुकानदार म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला अंगठ्याएवढा माणूस. लाल टोपी, आखूड हात, मिशा. त्याची चित्रं दोनच होती, एक जरा वर आणि एक जरा खाली, ती आलटून पालटून दिसायची, त्यामुळे तो श्वास घेतोय असं वाटायचं. खरं सांगायचं तर त्याला उचकी लागली आहे असं वाटायचं. तो तलवारी, दोर, मशाली विकायचा, आणि जखमा बऱ्या करायला काहीतरी औषध. औषध काय असावं हे कौस्तुभने ठरवलेलं नव्हतं. मी सुकेळी लिहिलं.

सुरुवातीला मी खरोखरच 'या', 'काय हवं' एवढंच लिहिलं. पण रोज त्याच्याकडे बघून बघून मला ते टोचायला लागलं. हा माणूस वीराला त्याच्या घरचं विचारत कसा नाही? राक्षसाच्या डोंगरावर चाललेल्या पोराला दोर विकताना 'आईला सांगून आलास का?' एवढंही नाही? मग मी ते लिहिलं. मग तो तलवार देताना म्हणू लागला, "धार बोटाने बघू नकोस, सगळे तेच करतात." कौस्तुभला गंमत वाटायला लागली. त्याची आई, म्हणजे काकू, स्वयंपाकघरातून येऊन चष्मा चढवून वाचायच्या आणि म्हणायच्या, "हा माणूस बरा आहे. तुझ्या त्या राजाला काही चव नाही."

एका दुपारी कौस्तुभने खेळात संध्याकाळ आणली. पडद्यावर तांबडं पसरलं आणि गावाच्या मनोऱ्यातून घंटा वाजली. कुठल्या तरी डिस्कवर त्याला तो आवाज सापडला होता. घंटा चालू होती, आणि माझा दुकानदार तलवार विकत होता. मला ते बघवेना. माझ्या हातून ते अगदी सहज झालं: घंटा वाजली की हा थांबतो, डोळे मिटतो, संपेपर्यंत काही विकत नाही. आणि मध्ये कुणी बटण दाबलं तर पहिल्यापासून सुरू करतो. कौस्तुभने तसं करून दिलं, कारण त्याला करायला ते मजेचं होतं. संध्याकाळी त्याने स्वतः खेळून पाहिलं. घाईघाईत तो बटण दाबत राहिला, दुकानदार पहिल्यापासून सुरू करत राहिला, आणि तेवढ्यात मागून लांडगा आला आणि वीर मेला.

"हे काढायला लागणार," कौस्तुभ म्हणाला. "कोण थांबणार यार?"

"आमच्याकडे सगळे थांबतात."

"तुमच्या नंदाखालला थांबत असतील. गेम नंदाखालमध्ये नाही विकायचाय."

माझा चेहरा पाहून त्याने ते काढायचं पुढच्या आठवड्यावर ढकललं. आणि त्याच शनिवारी पप्पा यायचे होते.

त्या शनिवारी पप्पांनी भर दुपारी दुकान बंद केलं. रविवार आणि गुड फ्रायडे सोडून ते बंद पाहिल्याचं मला आठवत नाही. पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात केळ्यांचा फणा आणि सुकेळ्यांचं पुडकं. आईने लग्नाला जावं तशी साडी नेसली होती. एस.टी.ने स्टेशन, पूल ओलांडून पूर्व, मग रिक्षा. वाटेत पप्पा प्रत्येक दुकानाकडे बघत होते आणि एकही त्यांच्या पसंतीला उतरत नव्हतं. "काचेच्या मागे माल ठेवतात," ते आईला म्हणाले. "माणसाने वास कसा घ्यायचा?"

दार काकूंनी उघडलं, हे माझं नशीब. घरात एक बाई आहे, तिच्या हातात उलथनं आहे, हे पाहून आईचा जीव भांड्यात पडला. दोघी लगेच नारळाच्या भावावरून सुरू झाल्या. कौस्तुभने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता. माझी नोकरी गेली असती तर त्यालाही नवीन माणूस शोधायला लागला असता, आणि काकूंनी त्याला बजावलं होतं की असं दुसरं माणूस मिळणार नाही.

"बसा ना काका."

पप्पा बसले नाहीत. ते कॉम्प्युटरसमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. कौस्तुभने आधी राजा दाखवला, मग राजवाडा, मग राक्षस. पप्पा नुसते बघत होते. "आणि ही मोनिका काय करते?" त्यांनी शेवटी विचारलं.

कौस्तुभने दुकान उघडलं. लाल टोपीवाला वरखाली, वरखाली होऊ लागला. आयुष्यात मी लिहिलेला हा पहिला माणूस, आणि तो ज्यांच्यावरून लिहिला ते माझ्या शेजारी उभे होते.

"हा दुकानदार?"

"हो पप्पा."

"काय म्हणतो?"

त्याचं सगळं इंग्रजीत होतं, म्हणून मी ओळ वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. 'या, बसा, घरी सगळे बरे?' पप्पांनी मान हलवली. 'आईला सांगून आलास का?' नारळाचं बोलणं सोडून आई वळून बघायला लागली. मग माल बघायची पाळी आली. पप्पा पुढे वाकले. "हे काय? झुरळ विकतो हा?"

"सुकेळी आहेत पप्पा."

पप्पांनी पिशवीतलं पुडकं काढलं, एक सुकेळी सोडवली आणि पडद्याला लावून धरली. "अशी असते. सोनेरी. हे झुरळ आहे." कौस्तुभने ती सुकेळी हातात घेतली, वास घेतला, खाल्ली, आणि पहिल्यांदाच त्याचा ताठपणा गेला. "काका, एक नंबर आहे हे! उद्याच चित्र बदलतो."

"आणि हा असा वरखाली का होतो? काही दुखतंय का?"

"नाही काका, तो ब्रीद... म्हणजे श्वास घेतोय."

"श्वास आम्हीपण घेतो."

आणि नेमकं तेव्हाच, बाहेर उन्हाने रस्ता तापलेला असताना, पडद्यावर तांबडं पसरलं आणि घंटा वाजू लागली. मला आजही तो क्षण डोळ्यांसमोर दिसतो. पप्पांचे पाठीमागचे हात पुढे आले. त्यांनी क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. पडद्यावर तो आखूड हातांचा माणूसही थांबला, त्याचं वरखाली होणंही थांबलं.

आई कुजबुजली, "अहो, आत्ता तीन वाजलेत."

पप्पांनी डोळे न उघडता सांगितलं, "त्याच्याकडे वाजलेत ना सहा." आणि स्वतःच मध्ये बोलल्यामुळे त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

आई उभी राहिली. मी होतेच. काकू पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशाच थांबल्या. फक्त कौस्तुभची बोटं सवयीने बटणावर गेली. टक. दुकानदाराने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. पप्पांचा एक डोळा उघडला.

"पोरा," ते म्हणाले, "त्याला करू दे त्याचं."

कौस्तुभने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पप्पांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता आणि त्या खोक्यातून येणारी घंटा. लांडगा येईल या भीतीने कौस्तुभचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. पण कुणी बटण दाबलं नाही, घंटा संपली, लाल टोपीवाल्याने डोळे उघडले आणि पडद्यावर त्याची ओळ उमटली. मी ती वाचली: 'थांबलात, बरं वाटलं. आता सांगा.'

पप्पांनीही डोळे उघडले. ते त्या ओळीकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी अक्षरं कळत नव्हती, पण बघत राहिले.

आईला राहवलं नाही. "तुमच्यासारखाच आहे हो!"

"माझ्यासारखा कुठून? माझे हात असे आखूड आहेत का?" पप्पा म्हणाले आणि पोहे घेतले.

त्याव्यतिरिक्त त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ना रिक्षात, ना पुलावर, ना एस.टी.त. मी खिडकीतून बाहेर बघत बी. एड.च्या वर्गातले चेहरे मोजत होते. रात्री आईने पोटऱ्यांना तेल चोळताना विचारलं असणार, पण पडद्याच्या इकडे मला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. देवळातल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर सिस्टर आत्या जेवायला आली. ती जेवायला येते तेव्हा मटण असतं आणि कुठला तरी निर्णय असतो. तिने भाकरी मोडली, आईच्या रश्श्याची तारीफ केली आणि पप्पांकडे वळली. "मग? मला उद्या कॉलेजात सांगायचं आहे. मोनिका येते ना?"

पप्पांनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. "ती जागा दुसऱ्या कुणाला दे."

"म्हणजे? ते खेळाचं काम बरं वाटलं तुला?"

"खेळाचं मला काय कळतं? राजा म्हणजे नुसता बावळट आहे. पण तिथे एक माणूस आहे, त्याचं दुकान हिच्याकडे आहे. तो बिचारा दिवसभर उभा असतो. त्याला बसायला काही नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला आधी बसायला काहीतरी दे. मग बाकीचं लिही."

"कोण माणूस?" आत्याने विचारलं.

"आहे एक. इंग्रजी बोलतो," पप्पा म्हणाले, आणि आणखी रस्सा मागितला.

सोमवारी मी गेले. कौस्तुभने घंटा काढली नाही. लांडग्याला मात्र गावाबाहेर नेऊन ठेवलं. दुकानदारासाठी आणखी एक चित्र काढून घेतलं, स्टुलावर बसलेलं. खेळ फारसा चालला नाही. मुंबईचा व्यापारी पुढे टीव्ही विकायला लागला, आणि ज्या डिस्कवर ते सगळं होतं ती आता कुठल्याच मशीनमध्ये जात नाही. पण त्या हॉलमधून मी दुसरीकडे गेले, तिथून तिसरीकडे, आणि लिहिण्यावरच तुमच्या आईला वाढवलं. पहिल्या पगारातून मी पप्पांसाठी सागवानी स्टूल आणलं होतं. त्यांनी ते काउंटरच्या आत ठेवलं, रोज फडक्याने पुसलं, आणि त्यावर शेवटपर्यंत आमचं मांजर बसलं.

रायन, खेळातल्या त्या स्टुलाची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ते नेहमी दिसत नसे. घंटा सुरू झाल्यावर खेळणारा शेवटपर्यंत थांबला, एकही बटण दाबलं नाही, तरच प्रार्थना संपल्यावर तो टोपीवाला मागे सरकायचा, हळूच स्टुलावर टेकायचा आणि पाय लांब करायचा. तेवढंच. त्याने काही मिळायचं नाही, पुढे जायलाही मदत व्हायची नाही. खेळ विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिलं, मला माहीत नाही. पप्पांनी पाहिलं. मी त्यांना परत एकदा एव्हरशाईनला घेऊन गेले होते. ते पडद्यासमोर उभे राहिले, थांबले, आणि तो बसल्यावर समाधानाने म्हणाले, "हां. आता बरं."